माती भिजेपर्यंत

सोमवारी सकाळी अंगणवाडीचं कुलूप उघडलं, तेव्हा खिडकीत ठेवलेल्या पाचही पणत्यांतला रंग वाळून गेला होता. शनिवारी मुलांनी एवढ्या मेहनतीने कालवलेला, आणि आता तळाला नुसती पापडी उरलेली, तीही तडकलेली. चार वर्षांची एक मुलगी दप्तर न काढताच खिडकीपाशी गेली. तिने नखाने पापडी खरवडून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "रंग मरून गेला, बाई."

असू दे, आपण नवीन करू, असं मी म्हणणारच होते. पण ती तोवर माठाकडे निघाली होती. ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवून तिने एक थेंब पणतीत सोडला. काही झालं नाही. दुसरा सोडला. मग बोट तिथेच टेकवून गोल गोल फिरवत राहिली. बराच वेळ. हळूहळू पापडीची कड सुटली आणि पाण्यात तांबडा ढग पसरला.

"जिता झाला! बाई, जिता झाला!"

त्या दिवशी चित्र काढायचं ठरलं होतं, ते राहून गेलं. सगळी मुलं आळीपाळीने पाचही पणत्यांतले रंग जिते करत बसली. त्यात पाऊण तास गेला आणि मी तो जाऊ दिला. कामाला लागल्या-लागल्याच्या दिवसांत मी तो जाऊ दिला नसता.

आमचं कोंढा पवनी तालुक्यातलं. शेजारचं कोसरा जोडून लोक कोंढा-कोसरा असंच म्हणतात. धानाचा मुलूख. भंडाऱ्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. कोहळी मंडळींनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, ते या पट्ट्यात जागोजागी आहेत आणि त्यांच्या पाण्यावर बांध्या पिकत आल्या आहेत. माझ्या पटावर तीन ते सहा वर्षांची बावीस मुलं. कुणाची आई रोवणीला जाते, कुणाची हंगामात सातऱ्यावर मिरचीचे देठ तोडायला. सकाळी मुलं आली की प्रार्थना, गाणी, गोष्ट, खेळ, मग आहार. मधेमधे वजनं-उंच्या, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायांच्या भेटी, मोबाइलवरच्या नोंदी. या सगळ्यातून चित्र-हस्तकलेला जो वेळ उरतो, तो कित्येक वर्षं मी एकाच पद्धतीने वापरला. बदकाचं छापील चित्र द्यायचं, त्यावर कापूस चिकटवायचा, अर्ध्या तासात बावीस बदकं तयार. भिंतीवर ओळीने लावायची. एकदा एका मुलाच्या आईने विचारलं, "आमच्याचा कोनता जी, बाई?" आणि मला ते मागे लिहिलेलं नाव वाचून सांगावं लागलं. मुलालाही सांगता आलं नाही.

ते मला लागलं. पण दुसरी वाट सापडली ती मात्र माझ्या हुशारीने नाही. ती एका आजीने दाखवली.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान मुलं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात. सगळ्यांकडे लाकडी नंदी नसतो, म्हणून मी ठरवलं की मातीचे बैल करू. सकाळीच तळ्याकाठची माती घमेल्यात आणली, पाणी ओतलं, मळली आणि गोळे मुलांच्या हातात दिले. मुलं खूश. शिंगं, वशिंड, शेपटी, सगळं झालं. लवकर वाळावेत म्हणून बैल ओट्यावर उन्हात मांडले. खिचडी खाऊन मुलं बाहेर आली, तोवर निम्म्या बैलांचे पाय गळून पडले होते आणि उरलेल्यांच्या पाठीवर भेगा गेल्या होत्या. एक मुलगा आपल्या बैलाचा पाय हातात धरून उभा राहिला. रडला नाही, काही बोललाही नाही. पायाकडे आणि बैलाकडे आळीपाळीने बघत राहिला.

त्याची आजी त्याला न्यायला आली होती. गावात चूल घालायला जिला अजूनही बोलावतात, अशी ती बाई. तिने एक बैल उचलला, भेगेवरून अंगठा फिरवला.

"माती कालची का आजची जी, बाई?"

"आजचीच."

"मंग तडकलच ना. कच्ची माती हाय ते. मातीले दोन दिस भिजू देजा. तनस तोडून टाकजा. आन् उनात नाही ठेवाचा, सावलीत."

नंतर मी यावर नीट विचार केला, तेव्हा तिच्या प्रत्येक वाक्यामागचं कारण उलगडत गेलं. सुकं ढेकूळ वरून ओलं दिसलं, तरी आतल्या कणांपर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो. तो दिला नाही तर माती मळताना एकजीव होत नाही. वाळताना माती आकसते. उन्हात वरचा थर आधी आकसतो आणि आतला ओलाच राहतो, म्हणून भेग पडते. पाय बारीक, ते पोटाच्या आधी वाळतात आणि सांध्यातून सुटतात. तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, तुकडे मातीला आतून धरून ठेवतात. आजीने हे कधी पुस्तकात वाचलं नव्हतं. तिने शेकडो चुली घातल्या होत्या.

आम्ही पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी एका सकाळीत संपवायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं. पहिल्या दिवशी फक्त माती भिजवली. सुकी ढेकळं मुलांनी एकेक करून घमेल्यातल्या पाण्यात सोडली. हे मी आयुष्यभर पाहत आले होते, पण कधी ऐकलं नव्हतं. ढेकूळ बुडतं, त्यातून बारीक बुडबुडे वर येतात, आणि कान जवळ नेला तर सुर्र असा अगदी हलका आवाज येतो. बावीस डोकी त्या घमेल्यावर वाकली. कुणीतरी म्हणालं, "माती पानी पिऊन राहिली." त्यावर दुसरा लगेच म्हणाला, "हाव, तिले तहान लागली." मग ढेकूळ कडेने ढासळायला लागलं, आपोआप, कुणी हात न लावता. आमच्या मदतनीस ताईंनी वर ओलं बारदान टाकलं. त्या दिवशीचं काम तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मुलं आली ती थेट घमेल्याकडे. मी त्यांना बोलावलं नव्हतं. बारदान उचलून प्रत्येकाने हात घातला. आत अजून गाठी होत्या. "नाही झाली," असं त्यांनीच ठरवलं आणि बारदान पुन्हा झाकलं.

माझ्यासाठी तिथे काहीतरी बदललं. इतकी वर्षं मी मुलांना "थांबा", "आत्ता नाही", "उद्या" असं म्हणत आले. ते ऐकून मुलं रुसतात, रडतात, पदर ओढतात, कारण ते थांबणं माझ्या मर्जीचं असतं आणि बाईची मर्जी बदलता येते हे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मातीची मर्जी बदलता येत नाही. ती भिजली की भिजली, नाही तर नाही. मातीने थांबवलेलं मूल रुसत नाही, रोज येऊन हात घालून बघतं. लहान मुलांचं लक्ष दहा मिनिटांपलीकडे टिकत नाही असं मी प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि पुढे इतरांनाही सांगितलं होतं. एका बैठकीपुरतं ते खरं असेल. पण सहा दिवस एका बैलामागे लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

तिसऱ्या दिवशी खडे आणि मुळ्या वेचल्या, तणस तोडून घातलं आणि ओट्याखाली पायांनी माती तुडवली. चौथ्या दिवशी धड आणि पाय, पाय जाड आणि आखूड. पाचव्या दिवशी शिंगं. जोडायची जागा काडीने खरवडून, तिथे पातळ गारा लावून, मग दाबायची. सहाव्या दिवशी बैल कुशीवर वळवले, खालची बाजू वाळावी म्हणून. पुढे आठवडाभर ते आतल्या खोलीत सावलीत होते. दोन बैल तरीही तडकले. आजी म्हणाली, होतं तसं, आणि गारा भरून लिंपून दिले.

कुणाचा बैल कोणता, हे आता विचारावं लागत नव्हतं.

मी स्वतःला समजावलं होतं की टप्प्याटप्प्याचं काम या वयाला अवघड जातं. आमच्या गावात हे म्हणणं किती विचित्र होतं, ते मला उशिरा कळलं. ही मुलं धानाच्या घरातली. धान भिजवतात, पऱ्हे टाकतात, चिखलणी करतात, पऱ्हे उपटून रोवणी होते, मग निंदण, मग पाण्याची राखण, मग कापणी, भारे, पुंजणं, चुरणं. यातला एकही टप्पा पाळी येण्याआधी होत नाही, आणि मूल आईच्या पाठीवर असल्यापासून हे पाहत असतं. मातीवर बारदान झाकताना एक मुलगी सहज म्हणाली होती, "धान बी असाच भिजू घालते आमची माय." तिला कुणी क्रम शिकवायची गरज नव्हती. तो तिच्या घरात होता. अर्ध्या तासात तयार होणारं बदकच तिच्यासाठी नवीन होतं.

बैलानंतर मातीचे रंग. हे काम मी आता दर वर्षी पाऊस संपल्यावर करते. दर वर्षी ते वेगळं होतं, कारण मुलं वेगळी असतात.

पहिले दोन-तीन दिवस माती गोळा करण्यात जातात. घरून येताना मूठभर माती आणायची, एवढंच सांगायचं. बांधीतली करडी येते, तळ्याच्या गाळाची जवळजवळ काळी, रस्त्याच्या कामावरचा मुरूम तांबडा, कुणी घर पोतारायची पांढरी माती आणतं, आणि चुलीतली राख तर कुणीतरी आणतंच. सगळं ओट्यावर पळसाच्या पत्रावळींवर वाळत घालायचं. फवारणी झालेल्या शेताची किंवा नालीकाठची माती नको, हे आयांना आधी सांगून ठेवावं लागतं. मग कुटणं. तेही दोन दिवस. हातात मावेल असा गुळगुळीत दगड आणि खाली फरशीचा तुकडा. मुरूम कुटताना टणटण वाजतो, गाळाची माती मुकी असते, हे मुलांनीच मला सांगितलं. मग जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून वस्त्रगाळ करायची. दोघांनी टोकं धरायची, तिसऱ्याने माती टाकायची आणि हळू हलवायचं. जोरात हलवलं तर धूळ उडते आणि सगळे शिंकतात. वस्त्रगाळ झालेला मुरूम बोटाच्या चिमटीत धरला की पिठासारखा लागतो. एका मुलाच्या पापण्यांवर ती तांबडी पूड बसली होती, तिचं त्याला भान नव्हतं, तो लुगड्याखाली पडणाऱ्या बारीक सरीकडे बघत होता.

इथे एक मुलगी आठवते. ती सगळं करायची, पण तांबड्या रंगाला हात लावायची नाही. कालवायची पाळी आली की हात मागे. मला वाटलं घाण वाटत असेल. दोन दिवसांनी तिने विचारलं, "बाई, हे झोंबते का जी?" तिची आई मिरचीच्या सातऱ्यावर जायची. संध्याकाळी घरी आल्यावर तिचे हात तेल लावून, धुवून, परत धुवूनही पेटलेले असायचे आणि ती लेकीच्या चेहऱ्याला हात लावायची नाही. या मुलीसाठी लाल म्हणजे झोंबणारं. मी मुरूम माझ्या गालाला लावून दाखवला. तिला ते पुरलं नाही. तिने बोटाच्या टोकावर चिमूटभर घेतला, स्वतःच्या मनगटाला लावला आणि तसाच हात धरून बसली. आहार झाला तरी हात तसाच. झोपायच्या वेळी तिने तो पुसला, वास घेतला आणि मग तांबडी पणती उचलून आपल्यासमोर घेतली. त्या चाचणीला तिला जवळजवळ दोन तास लागले. कुणी विचारलं तर मी सांगेन की त्या दिवशी त्या खोलीतलं सगळ्यात मोठं काम ते होतं.

मातीला कागदावर धरून ठेवायला डिंक लागतो. धुऱ्यावरच्या बाभळीचा. बाभळीला काटे, म्हणून तो एक आजोबा काढून आणून देतात. रात्रभर पाण्यात भिजवला की सकाळी मधासारखा दिसतो. दुकानात मिळणाऱ्या जलरंगाच्या वड्यांतही बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा डिंक वापरत आले आहेत. डिंक पाण्यात विरघळतो, माती विरघळत नाही, नुसती पसरते. म्हणूनच पणतीत वाळलेला रंग पाणी घातल्यावर परत उठतो. सोमवारी त्या मुलीने जे जितं केलं, ते हे.

ब्रश म्हणजे दातवण. कडुनिंबाच्या कोवळ्या काड्या, टोकाला दगडाने ठेचून त्यांचा कुंचा करायचा. ज्यांच्या घरी आजी-आजोबा अजून दातवण करतात, त्या मुलांनी बाकीच्यांना शिकवलं. एकाने तर दगड वापरलाच नाही, काडी सरळ दाढेखाली घेतली, आणि कडू लागली तरी थुंकत थुंकत शेवटपर्यंत चावली. त्याचा कुंचा सगळ्यांत चांगला झाला.

खोक्यांचे मोठे पुठ्ठे जोडून त्यांना पांढऱ्या मातीचा पोतारा दिला आणि त्यावर आमचा तलाव आला. तो कसा दिसत होता ते मला नीट सांगता येणार नाही. निळा रंग नव्हताच, त्यामुळे पाणी काळं आणि करडं होतं, जसं खरोखरच तळ्याचं पाणी जवळून असतं. शिंगाड्याची पानं राखेने. बगळे पुठ्ठ्याचा पांढरा तसाच सोडून. पाळीवरून जाणारी एस.टी. तांबडी, म्हणजे मुरुमाची. एका कोपऱ्यात बोटांचे नुसते ठसे, पन्नासेक तरी. विचारल्यावर कळलं, ते रोवणीच्या बायांचे पाय.

या कामात एक मुलगा मधेच गेला. कापणीच्या दिवसांत आई-वडील त्याला मामाच्या गावी ठेवून आले. माती त्याने आणली होती, कुटली होती, रंगही कालवला होता, आणि चित्राच्या आदल्या दिवशी तो गेला. त्याची पणती खिडकीत राहिली. रंग जिता करणारी ती मुलगी रोज सकाळी त्याच्या पणतीत पाणी घालायची, तो येईपर्यंत रंग मरू नये म्हणून. मी तिला अडवलं नाही, आणि ती माझी चूक झाली. डिंकाचं पाणी सतत ओलं राहिलं की त्यावर बुरशी येते. आठ-दहा दिवसांनी मुलगा परतला तेव्हा पणतीवर पांढरी लव चढली होती आणि वास येत होता. ती मुलगी इतकी रडली की मला तिला कडेवर घेऊन अंगणात फिरवावं लागलं. इतक्या मायेने केलेल्या कामाने रंग नासला, हे तिला कसं समजावणार? मी एवढंच सांगितलं की रंगाला कधीकधी वाळून जावं लागतं. ते तिला त्या दिवशी पटलं नाही.

पण मग जे झालं, त्यावरून टप्प्यांचा क्रम मुलांत मुरतो, अशी माझी खात्री पटली. त्या मुलाला सगळं पहिल्यापासून करायचं होतं आणि मी दुसऱ्या कामात होते, लसीकरणाचा दिवस होता. कोपऱ्यातून आवाज येत होते. "आधी कुट. मंग चाळ. नाही, वाळली नाही अजून, थांब ना." दुसरी म्हणत होती, "दगड काढ त्यातले." कुणी तरी लुगड्याचा तुकडा शोधून आणला. चार आणि पाच वर्षांची मुलं, तीन आठवड्यांपूर्वी केलेल्या कामाचा क्रम एकमेकांना सांगत होती, आणि त्यात एकच टप्पा चुकला. डिंक कुणालाच आठवला नाही. त्याने पुठ्ठ्यावर नुसत्या मातीच्या पाण्याने आपली होडी काढली. ती वाळली आणि हात लागताच झडली. सगळे क्षणभर गप्प. मग एकीने ओरडून सांगितलं, "गोंद! गोंद राहिला!" डिंक का लागतो, हे मी सांगितलेलं कुणाच्या लक्षात नव्हतं. ते झडलेली होडी पाहून पक्कं झालं. रात्री डिंक भिजला, दुसऱ्या दिवशी होडी परत आली, तळ्याच्या मधोमध.

फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा आम्ही त्याचा रंग काढतो. फुलं वेचायची, सावलीत वाळवायची, रात्रभर भिजवायची, सकाळी ताई ते पाणी उकळून देतात. केशरी पिवळं पाणी निघतं. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते गडद होतं. हळदीचं पाणी सोड्याने लाल होतं आणि वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. सोड्याऐवजी चुना चालतो, घरोघरी तोच असतो, पण तो मुलांच्या हातात आणि डोळ्यांजवळ नको. आणि एक गोष्ट मी दर वर्षी प्रत्येक आईला सांगते: मुलं जंगलातून गुंजा आणतात, लालभडक, काळ्या डोळ्याच्या, इतक्या सुंदर की टाकवत नाहीत. गुंजेत आणि एरंडीच्या बीत जहर असतं. त्या आमच्या कामात कधीच येत नाहीत. चिंचोके, मटाराएवढं काहीही, तीन वर्षांच्या मुलासमोर ठेवायचं नाही; ते नाकात जातं.

हाताशी असेल त्यातून शिकवणं ही माझी कल्पना नव्हे. अंगणवाडी हा शब्द सरकारी योजनेच्या आधीचा आहे, हे मला नोकरीत बऱ्याच उशिरा कळलं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. त्याच्या तीस वर्षं आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची अंगणवाडी. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात आणणार कुठून? म्हणून त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले, गोटे, माती हीच साधनं केली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच काम वाढलं. ज्या खोलीत मी बसते तिच्या दारावरचं नाव त्या दोघींच्या कामातून आलं आहे. त्याच १९४५ साली इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यात युद्धातून वाचलेल्या आई-बापांनी, जर्मन सैन्य मागे टाकून गेलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून मुलांसाठी शाळा बांधली. पुढे तिथल्या बालशाळा आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या मुलांच्या प्रकल्पांसाठी जगभर नावाजल्या. मला आवडतं ते हे, की दोन्हीकडे सुरुवात हाताशी होतं त्यातून झाली.

एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. वरिष्ठ आमच्याकडून उपक्रमांचे फोटो मागतात, आणि फोटोत काहीतरी तयार दिसावं लागतं. भिजत घातलेल्या मातीचा फोटो मी एकदा पाठवला. घमेलं, वर ओलं बारदान. उपक्रम काय, अशी विचारणा आली. मी लिहिलं: माती भिजणे. फोन आला, पुन्हा काहीतरी करून पाठवा. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्यावरही कुणीतरी असतं. पण कागदावर दाखवता येतं तेच काम, हे मनात एकदा बसलं की आपण मुलांना बदकं द्यायला लागतो. मी हे करून बसले आहे, म्हणून बोलते. आता मी आठवड्याचे पाच फोटो एकत्र जोडून पाठवते, ढेकळापासून बैलापर्यंत, खाली वारांची नावं. ते चाललं. पुढच्या बैठकीत शेजारच्या गावातल्या दोघी सेविकांनी विचारलं, माती किती दिवस भिजवता? मी आजीचं उत्तर दिलं.

ती आजी आता फारशी चालत नाही. मागच्या पोळ्याला मी मुलांना घेऊन तिच्याच अंगणात गेले. बाजेवर बसून तिने माती हातात घेतली, दोन बोटांत दाबून पाहिली आणि मानेनेच नको म्हणाली. मुलांनी काही विचारलं नाही. घमेलं उचललं, अंगणवाडीत आणलं, बारदान बादलीत बुडवून पिळलं आणि वर पसरलं. एक कोपरा उघडा राहत होता. ज्याच्या बैलाचा पाय त्या पहिल्या वर्षी गळला होता, तो आता शाळेत जातो. त्याची धाकटी बहीण माझ्याकडे आहे. तिने तो कोपरा ओढून नीट केला, वर एक चपटा दगड ठेवला आणि हात धुवून उसळ खायला जाऊन बसली.